जाळ्याशिवायची शिकार

मित्रांनो, मी एक जुनी बरची आहे. रानडुकराच्या शिकारीसाठी घडवलेली. आज माझ्याकडे पाहून कुणाला ते खरे वाटत नाही. पात्यावर गंजाने खड्डे पाडले आहेत आणि दांडा एका बाजूला वाकला आहे. पण म्हाताऱ्या माणसांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही आणि लहानपणीच्या घरातला वास मात्र आठवतो, तसे माझे झाले आहे. मला रक्ताचा वास आठवतो. ते कुणाकुणाचे होते, हेही मी विसरलेले नाही.

माझा जन्म राजधानीतल्या शस्त्रशाळेत झाला. दांड्याचे लाकूड उंच डोंगरातून आले. ते झाड इतके सावकाश वाढते की ते लावणाऱ्याला त्याची बरची काही पाहायला मिळत नाही. पाते हातभर लांब, रुंद, पानासारखे. पात्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दोन आडवे दात. हे दात कशासाठी, ते लोहाराने मला भट्टीतून काढता काढता सांगितले. रानडुक्कर पाते पोटात गेल्यावर थांबत नाही. ते दांड्यावरून तसेच पुढे चालत येते, मरायच्या आधी शिकाऱ्याला गाठते. त्याला अडवतात ते हे दात.

"ऐक पोरी," लोहार म्हणाला होता, "माणूस पळेल. तू पळायचं नाहीस."

त्या वर्षी राजाने ओरोंतीस नदीवरच्या एका किल्ल्यावर नवा किल्लेदार नेमला. त्याचे नाव थिओक्लीस. मिलेटस शहरातल्या मोठ्या ग्रीक घराण्यातला माणूस. द्राक्षांचे मळे, जहाजे, दारात संगमरवरी खांब, सगळे सोडून तो तरुणपणीच राजाच्या चाकरीत आला होता. नदीचे पाणी कुठून वळवावे, तटाला भगदाड पडले तर किती दिवसांत बुजवावे, तंटा कसा मिटवावा, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नेमणुकीच्या दिवशी त्याला जांभळा झगा मिळाला आणि झग्याबरोबर मी.

मला त्याच्या हातात देताना दरबारातले लोक हसले. मला वाटले, माझ्या रूपावर हसताहेत. तसे नव्हते.

त्या राज्यात सत्ता मॅसिडोनियाच्या लोकांची. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी तलवारीने हा मुलूख घेतला होता आणि येताना आपल्या डोंगरातल्या रीती बरोबर आणल्या होत्या. त्यातली एक रीत अशी की, ज्याने जाळे न लावता, समोरासमोर उभे राहून रानडुक्कर मारले असेल, त्यानेच जेवणाच्या पलंगावर आडवे टेकून जेवायचे. बाकीच्यांनी खुर्चीवर बसायचे. मग तो कितीही मोठ्या हुद्द्याचा असो.

थिओक्लीसने डुक्कर मारले नव्हते. चाळिशी उलटली होती, कानशिले पांढरी झाली होती, आणि स्वतःच्या किल्ल्यात, स्वतःच्या दिवाणखान्यात तो खुर्चीवर बसून जेवत असे. भिंतीलगतच्या पलंगांवर त्याचेच हाताखालचे सरदार उशांना टेकून हाडे चोखत असत.

त्या सरदारांत पुढारी कोरागस. घोडेस्वारांचा प्रमुख. धिप्पाड, देखणा, मिसरूड फुटायच्या आत पलंगावर टेकलेला. त्याला हा किल्ला हवा होता आणि तो ग्रीकाला मिळाला होता.

"किल्लेदारसाहेब," तो मोठ्याने म्हणे, "खुर्चीवर आणखी एक गादी देऊ का? टोचत असेल."

"नको," थिओक्लीस म्हणे. "इथून मला सगळ्यांचे तळपाय दिसतात. कोण धुऊन आलंय ते कळतं."

हशा पिके. थिओक्लीसही हसे. पण जेवण संपल्यावर खोलीत आला की तो भिंतीवर टांगलेल्या माझ्याकडे बराच वेळ बघत उभा राही.

त्याची बायको शलमत हिला मी बिलकुल आवडत नसे. ती किल्ल्याच्या पायथ्याच्या कोळ्यांच्या गावातली, नावाड्याची मुलगी. ती माझ्या दातांना कांद्याच्या माळा अडकवायची. राजाने दिलेली बरची आणि तिच्यावर कांदे. तेव्हा मला फार अपमान वाटे. आता वाटते, माझ्या आयुष्यातले तेच दिवस बरे होते.

"एवढी शहाणी माणसं," शलमत एकदा म्हणाली, "आणि कोण कसा बसतो यावर किल्ला चालवतात?"

"चालवतात."

"मग मारा एकदाचं ते डुक्कर."

"पाठ टेकवून जेवण्यासाठी? आमच्याकडे पलंगावर टेकायला फक्त भूक लागायची."

"तुमच्याकडे नाही ना आता तुम्ही," ती म्हणाली.

तिचे म्हणणे खरे ठरायला फार वेळ लागला नाही. कोरागसच्या स्वारांनी एका सकाळी गावातल्या शेळ्या हाकून नेल्या. आडव्या आलेल्या म्हातारीला ढकलून पाडले, तिचा खुबा मोडला. शलमतचा भाऊ जब्दा वर किल्ल्यावर आला आणि त्याने सगळ्यांसमोर त्या स्वारांची नावे घेतली. थिओक्लीसने शेळ्या परत करायला लावल्या आणि म्हातारीला ढकलणाऱ्याला चौकात बांधून पाठीची साल निघेपर्यंत फटके मारवले.

कोरागस छातीवर हात बांधून ते बघत होता. "खुर्चीवरच्याने पलंगावरच्याला मारलं," तो आपल्या माणसांना म्हणाला. "लक्षात ठेवा."

त्यांनी लक्षात ठेवले. दरवाजा उघड म्हटले की पहारेकरी आळस देऊन उठू लागले. हुकूम पाळला जाई, पण उद्या. आणि अशात निरोप आला की राजाचा दूत किल्ला पाहायला येतो आहे. ज्या किल्लेदाराला त्याचेच शिपाई हसतात, त्याच्या हाती दूत किल्ला ठेवणार नव्हता. तो कोरागसला मिळणार, आणि किल्ल्याबरोबर पायथ्याचे गावही, हे सगळ्यांनाच दिसत होते.

थिओक्लीसने माझ्यावरची कांद्याची माळ स्वतः उतरवली.

हिवाळा होता. नदीकाठचे बोरूचे रान वाळून पिवळे पडले होते, चिखलावर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरत होता. शिकारीला रीतीप्रमाणे दोन बरच्या. एक मारणाऱ्याची, दुसरी साक्षीदाराची. साक्षीदार म्हणून कोरागस स्वतःहून पुढे आला. साक्षीदाराचे काम मोठे असते, मित्रांनो. डुकराने मान झटकून पहिल्याच्या हातून बरची उडवली, तर पहिल्याने तोंड खाली करून सपाट पडायचे आणि हाताला येईल ते झुडूप घट्ट धरायचे. डुकराचे सुळे वर वळलेले असतात, सपाट पडलेल्या माणसाखाली ते सहज शिरत नाहीत. डुक्कर त्याला तुडवते, उलथवू पाहते. तेवढ्यात साक्षीदाराने पुढे होऊन डुकराला डिवचायचे, आपल्याकडे वळवायचे. मग पहिल्याने उठून बरची उचलायची आणि पुन्हा उभे राहायचे.

वाट दाखवायला जब्दा होता. त्या रानातली वाट न् वाट त्याच्या पायाखालची. शिकारीची जाळी मुद्दाम किल्ल्यावर ठेवली होती. जब्दाच्या खांद्यावर मासे धरायचे त्याचे गोल जाळे होते, कडेला शिशाचे मणी लावलेले. ते नेहमीच असे, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलेही नाही.

कुत्र्यांनी डुक्कर उठवले आणि हाकारे करणारी माणसे मागे राहिली. ते म्हातारे, एकांडे डुक्कर होते. अंगावर चिखल वाळून ढालीसारखा झालेला. पहिल्या कुत्रीचे पोट त्याने जाता जाता उघडले. ती आपलीच आतडी तुडवत चार पावले पळाली. दुसऱ्याला त्याने हवेत उडवले आणि तो खाली आला तेव्हा त्याचा जबडा जागेवर नव्हता. उरलेली कुत्री लांबून भुंकू लागली.

थिओक्लीस डावा हात पुढे, उजवा मागे, डावा पाय डाव्या हाताखाली, असा उभा राहिला. त्याचे तळवे घामाने ओले होते. मला ते कळत होते, कारण मी त्यात सरकत होते.

डुक्कर आले. शेवटच्या क्षणी त्याने मान अशी झटकली की माझे पाते नुसते कानाला लागले आणि मी त्याच्या हातून निसटून बोरूत जाऊन पडले. थिओक्लीस रीतीप्रमाणे सपाट पडला. त्याने बोरूची मुळे धरली.

"कोरागस," चिखलात तोंड असतानाच तो ओरडला, "डिवच त्याला."

कोरागसने आपली बरची जमिनीवर टेकवली आणि तिच्यावर भार टाकून उभा राहिला. फक्त एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

डुक्कर थिओक्लीसच्या पाठीवर चढले. बरगडी मोडल्याचा आवाज मला बोरूत ऐकू आला. मग त्याने मुस्कट त्याच्या कमरेखाली खुपसले, मान वर केली आणि मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाडली. दुसऱ्यांदा मान खाली गेली. आता पोट जाणार, इतक्यात हवेत काहीतरी पसरले आणि शिशाचे मणी खळखळत खाली आले. जब्दाने जाळे टाकले होते.

"दाजी, उठा," तो ओरडत होता. "उठा लवकर. मासळीचं जाळं आहे, टिकायचं नाही."

थिओक्लीस उठला. एका पायावर लंगडत त्याने मला उचलले आणि जाळ्यात धडपडणाऱ्या डुकराच्या खांद्यामागे मला सगळा भार टाकून घातले. पाते हाडाला घासत आत गेले. डुक्कर खरोखरच माझ्यावरून चालत आले. माझ्या दातांशी अडले, तरी ढकलत राहिले. त्याचा गरम श्वास थिओक्लीसच्या हातांवर येत होता. मग त्याच्या तोंडातून रक्ताची गुळणी आली आणि ते गुडघ्यांवर बसले.

जब्दा मटकन खाली बसला आणि हसू लागला. "आता तरी आडवं पडून जेवाल ना?" तो म्हणाला.

कोरागस सावकाश जवळ आला. त्याने पायाच्या अंगठ्याने जाळे उचलले.

"जाळं," तो म्हणाला.

त्याने इकडेतिकडे पाहिले. हाकारे अजून लांब होते. मग तो ग्रीक भाषेत, आवाज खाली घेऊन बोलू लागला, आणि त्याने 'तुम्ही' सोडून दिले.

"मी गप्प बसतो. दूतासमोर शपथ घेतो की थिओक्लीसने समोरासमोर मारलं. तू पलंगावर टेक, किल्ला तुझा. पण तुला कळलं पाहिजे की तो तुला कुणी दिला."

"आणि?"

"आणि ज्या हातांनी हे जाळं टाकलं, ते हात नकोत. हा कोळी उद्या गावभर सांगेल. डुकराने मारलं म्हणू. बरची तुझ्या हातातच आहे."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर किल्ला माझा. मग याला मी मारीनच. पण मग एकट्याला नाही. विचार कर, तू हिशेबी माणूस आहेस. एक की सगळं गाव."

मी थिओक्लीसच्या मुठीत होते. डुकराच्या रक्ताने दांडा ओला होता, आणि त्याची मूठ माझ्यावर घट्ट झाली. मला खोटे सांगता येत नाही, मित्रांनो. काही क्षण माझे टोक जब्दाकडे वळले होते. फार नाही, बोटभर. जब्दाला ग्रीक येत नव्हती. पण आयुष्यभर शिपायांच्या शेजारी राहिलेल्या माणसाला बरचीचे टोक कुठे वळते ते कळते. त्याचे हसणे थांबले.

"दाजी, काय म्हणतोय तो?"

थिओक्लीसने श्वास घेतला. मोडलेल्या बरगडीमुळे तो पुरा आत गेला नाही.

"जेवायला केव्हा बसायचं ते विचारतोय," तो म्हणाला. त्याने मला उलटे केले, माझा बुंधा जमिनीला टेकवला आणि काठीसारखा माझा आधार घेतला. "मला हात दे. घरी जाऊ."

त्याच संध्याकाळी दूत आला तेव्हा दिवाणखाना माणसांनी भरला होता. दारूत वेलदोड्याचा वास, मधात भाजलेले मांस, उशांवर टेकलेले सरदार. किल्लेदारासाठी मधला पलंग मोकळा ठेवला होता, कारण डुक्कर मारल्याची बातमी सगळीकडे गेली होती. थिओक्लीस मांडीला पट्ट्या बांधून, मला टेकत आत आला. मोकळ्या पलंगावरून पुढे गेला आणि आपल्या खुर्चीवर बसला.

दूत म्हातारा, बारीक डोळ्यांचा माणूस होता. "किल्लेदार," तो म्हणाला, "डुक्कर तुम्ही मारलंत असं ऐकलं."

"मारलं."

"मग खुर्ची का?"

"जाळं होतं," थिओक्लीस म्हणाला. "माझ्या मेव्हण्याने टाकलं. ते नसतं तर मी इथे नसतो."

आधी एकजण हसला, मग सगळे. कोणीतरी हाड फेकले, ते त्याच्या खुर्चीच्या पायाला लागले. "मासा मारला म्हणायचं," कोपऱ्यातून आवाज आला. दूत हसला नाही. हसणे थांबेपर्यंत तो वाट पाहत राहिला आणि मग म्हणाला, "तुम्ही खरं बोललात, हे मी राजाला सांगेन. पण या माणसांच्या बळावर तुम्हाला किल्ला राखता येणार नाही." त्याने किल्ल्याच्या मोहरेची अंगठी मागितली आणि ती कोरागसच्या बोटात घातली. थिओक्लीसने जांभळा झगा स्वतःच काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

खोलीत शलमत जागी होती. त्याने तिला बोरूतली बोलणी सांगितली.

"उजाडताच तो गावात उतरेल," थिओक्लीस शेवटी म्हणाला. "बायकामुलांना नावांत भर. पलीकडच्या तीरावर त्याची हद्द नाही."

"सगळ्यांना भरायला वेळ लागेल."

"मी देतो वेळ."

"कसा?" तिने विचारले, आणि मग त्याच्या हातातल्या माझ्याकडे पाहिले. "बरगड्या मोडल्यात तुमच्या."

"म्हणून तर पळता येणार नाही," तो म्हणाला.

तिने त्याच्या पट्ट्या सोडून पुन्हा घट्ट बांधल्या. गाठ मारताना तिने मान खाली घालून कापड दातांत धरले होते, म्हणून ती रडली की नाही ते मला दिसले नाही.

किल्ल्यावरून गावाकडे जायला बोरूच्या चिखलातून एकच अरुंद बांध होता. दोन घोडे जोडीने जाणार नाहीत इतका अरुंद. उजाडता उजाडता थिओक्लीस त्या बांधावर जाऊन उभा राहिला. मागे गावात मुले रडत होती, वल्ही आपटत होती, कोणीतरी शेळीला नावेत ओढत होते.

कोरागस सगळ्यांच्या पुढे होता. मागे रांगेने स्वार, हातात पेटते पलिते. त्यांच्यामागे पायदळ, आणि पायदळाच्या पुढे मखातस नावाचा जुना नाईक, ज्याचा अर्धा कान लढाईत गेला होता.

"बाजूला हो, खुर्चीवाल्या," कोरागस म्हणाला. "तुझ्याशी भांडण नाही माझं."

"माझं आहे."

"एक माणूस मागितला होता. तू दिला नाहीस. आता सगळे जातील. हे तुझ्यामुळे."

थिओक्लीसने पवित्रा घेतला. डावा हात पुढे, उजवा मागे, डावा पाय डाव्या हाताखाली. काल निसटलेली बरची आज निसटू नये म्हणून त्याने तळवे चिखलात घासून घेतले होते.

कोरागसने टाच मारली. घोडा माझ्यावर आला आणि छातीतून खांद्यापर्यंत माझ्यावर रुतला. माझे दात त्याच्या बरगड्यांत अडकले, दांडा वाकला, पण मी पळाले नाही. घोडा किंचाळत पुढच्या पायांवर कोसळला आणि कोरागस त्याच्या मानेवरून बांधावर आपटला. तो लगेच उठला. त्याची तलवार थिओक्लीसच्या डाव्या हातावर आली आणि दोन बोटे चिखलात पडली. दुसरा वार खांद्यावर बसला. थिओक्लीसने तडफडणाऱ्या घोड्याच्या अंगावर पाय देऊन मला उपसले. दोघांमध्ये आता हातभर अंतर होते. मारायला जागा नव्हती, फक्त ढकलायला होती. त्याने ढकलले. मी कोरागसच्या चिलखताच्या वर, गळ्याच्या खळगीत शिरले. तो माझ्यावरून पुढे यायला पाहत होता. डोळे उघडे ठेवून, तोंडातून रक्त गाळत, त्याने एक पाऊल टाकलेही. दातांशी तो अडला.

मागच्या स्वारांचे भाले तेव्हाच आले. एक थिओक्लीसच्या पोटात, एक छातीत. तो बसला, मग आडवा झाला. मला त्याने सोडले नव्हते.

स्वार पुढे निघाले, तोच मखातस पायदळाला घेऊन बाजूच्या चिखलातून त्यांच्या पुढे बांधावर आला. त्याने पडलेल्या दोघांकडे पाहिले. मग पुढच्या स्वाराच्या घोड्याचा लगाम धरला.

"जाळं कुठंय?" त्याने विचारले.

"कसलं जाळं?"

"इथे कुठे जाळं दिसतंय का तुला?"

"नाही."

"मग झालं," मखातस म्हणाला. "जाळ्याशिवाय मारलंय त्याने. मान आहे त्याचा. पलिते विझवा."

"नाईक, हुकूम होता."

"हुकूम देणारा तो बघ पडलाय. त्याला विचार."

पायदळातले एक-दोन जण हसले, पण ते हसणे वेगळे होते. त्यांनी बांध आडवा धरला आणि ढाली एकमेकींना लावल्या. स्वारांनी क्षणभर विचार केला आणि पलिते चिखलात खुपसले. गावाच्या नावा तोवर नदीच्या मध्यावर पोचल्या होत्या.

ते थिओक्लीसला वर घेऊन गेले आणि दिवाणखान्यातल्या मधल्या पलंगावर निजवले, डाव्या कोपरावर टेकल्यासारखा, रीतीप्रमाणे. दूतही उभा राहिला. शलमत नदीपलीकडून परत आली तेव्हा सगळे मान खाली घालून वाट देत होते. मखातसने तिला सांगितले की त्याला मान दिला आहे.

ती पलंगाकडे बघत राहिली.

"जिवंत असताना दिला असतात," ती म्हणाली, "तर काय जागा अडली असती?"

दूताने किल्ल्याची मोहर मखातसला दिली. पुढे कितीतरी वर्षे तो त्या किल्ल्याचा किल्लेदार होता, आणि दिवाणखान्यात खुर्च्या आणि पलंग यांची सरमिसळ झाली होती असे म्हणतात. मी ते पाहिले नाही, कारण मला जब्दा गावात घेऊन गेला.

सुरुवातीला मला पाहायला लोक येत. पात्याला हात लावत, घोड्याला कसे अडवले ते विचारत. एक बाई तर दूरच्या गावाहून आपल्या नवऱ्याला दाखवायला घेऊन आली होती. मग येणारे कमी झाले. मला छपराखाली अडकवले, तिथे कोंबड्या बसू लागल्या. गंज चढला. मी रागावले नाही. एकदाच मला कुणी खाली उतरवले, तेव्हा जब्दा म्हातारा झाला होता. वरच्या अंगाच्या गावाशी मासळीच्या बंधाऱ्यावरून तंटा पेटला होता. तरणे गडी दारात जमले होते.

"काका, हिला धार लावून द्या," एकजण म्हणाला.

"कशाला?"

"त्यांनी आपल्या नावा फोडल्या."

"मग करवत न्या, फळ्या न्या. नावा दुरुस्त करा."

"तुम्हीच असं म्हणावं? किल्लेदाराने हिनेच तर त्या कोरागसला—"

"ते तुम्ही लक्षात ठेवलंय," जब्दा म्हणाला. "त्याच्या आदल्या दिवशी हिचं टोक माझ्याकडे वळलं होतं. आणि त्याने मला मारलं नाही. मी तेवढंच लक्षात ठेवलंय."

गडी कुरकुरत निघून गेले. जब्दाने मला मांडीवर घेतले आणि दांडा तेलाने चोळू लागला. बराच वेळ चोळत बसला होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरात कुठेतरी टांगलेल्या असतील. त्यांनी कुणाला मारले हे सगळे सांगतील. कुणाला मारले नाही, हे विचारणारा विरळा. तुम्ही ते विचारा. आणि निगा राखायची असेल तर वर्षातून एकदा त्यांच्या दांड्याला तेल लावा, ओलीत ठेवू नका. धार मात्र लावू नका.